कणीस, कणसाला, कणसरी : डहाणू–तलासरी परिसरातील शालेय लेखन आणि मराठीची शब्दघटना

शालेय वह्यांतील लेखनाच्या चुका मोजण्याची परंपरा मराठीत जुनी आहे. त्या चुकांचा अर्थ लावण्याची परंपरा मात्र अद्याप पुरेशी रुजलेली नाही. चूक झाली की ती तांबड्या शाईने खोडावयाची, शुद्ध रूप वर लिहावयाचे आणि विद्यार्थ्याकडून ते दहा वेळा गिरवून घ्यावयाचे, एवढ्यावर ‘शुद्धलेखन’ या विषयाचे अध्यापन बहुतेक ठिकाणी थांबते. या पद्धतीमागे एक गृहीत आहे. नीट ऐकले की नीट लिहिता येते, आणि नीट लिहिता येत नसेल तर ऐकण्यात किंवा बोलण्यात दोष आहे, असे ते गृहीत होय. प्रमाण मराठीच्या निकट वाढलेल्या मुलाच्या बाबतीत या गृहीताची उणीव झाकली जाते. डहाणू आणि तलासरी या तालुक्यांत ती उघडी पडते. म्हणून मराठी लेखनाचा आधार ध्वनीत किती आणि शब्दाच्या घडणीत किती, हा प्रश्न या परिसराच्या संदर्भात तपासून पाहणे उचित ठरेल.

हे दोन तालुके पालघर जिल्ह्याच्या उत्तर टोकाला आहेत. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर हा स्वतंत्र जिल्हा होईपर्यंत ते ठाणे जिल्ह्यात मोडत. १९६० च्या राज्यनिर्मितीपूर्वी तलासरीकडील गावे उंबरगाव तालुक्यात होती. त्या तालुक्याचा मोठा भाग गुजरात राज्यात गेला आणि उरलेल्या गावांची तलासरी झाली. किनाऱ्यावर मांगेला व इतर मच्छीमार समाज, घोलवड–बोर्डीच्या बाजूस चिकूच्या वाड्या आणि त्यांत राबणारे मजूर, आत डोंगराकडे वारली, कोकणा, धोडी, दुबळा, मल्हार कोळी, काtकरी अशी वस्ती, आणि बाजारात मराठीइतकीच गुजराती. अशा ठिकाणी पहिलीत येणारे मूल ‘एका’ भाषेतून येते असे म्हणणे धाडसाचे आहे. ग्रिअर्सन यांच्या भारतीय भाषा-सर्वेक्षणाच्या मराठीविषयक सातव्या खंडात (१९०५) वारली बोलीची नोंद आहे. पुढे डॉ. अ. मा. घाटगे यांनी मराठी बोलींच्या सर्वेक्षणमालेत ठाणे जिल्ह्यातील वारलीचा स्वतंत्र अभ्यास सिद्ध केला. अभ्यासकांनी वारलीला मराठीच्या बोलींमध्ये स्थान दिले आहे, ही गोष्ट पुढील विवेचनासाठी महत्त्वाची आहे. कारण बोलीचा उच्चार प्रमाणभाषेहून कितीही निराळा असला, तरी नामाला प्रत्यय लागण्यापूर्वी त्याचे रूप बदलते ही मराठीची मूळ घडण त्या बोलीतही आहे.

मराठी लेखनविषयक नियमांचा इतिहास सर्वपरिचित आहे. मराठी साहित्य महामंडळाने तयार केलेले चौदा नियम १९६२ साली शासनाने स्वीकारले. १९७२ साली त्यांत आणखी चार नियमांची भर पडली. या नियमांनी केलेली सर्वांत मोठी सुधारणा म्हणजे उच्चारात नसलेल्या अनुस्वारांची हकालपट्टी. ‘नांव’, ‘घरीं’, ‘करणें’ ही रूपे जाऊन ‘नाव’, ‘घरी’, ‘करणे’ आली. लेखन उच्चाराच्या जवळ यावे ही त्यामागील दृष्टी होती, आणि ती योग्यच होती. मात्र त्यामुळे ‘मराठी जशी बोलतात तशी लिहितात’ हा समज दृढ झाला. इकार-उकारांच्या ऱ्हस्व-दीर्घाच्या बाबतीत हा समज टिकत नाही.

‘मूल’ आणि ‘मुलाला’, ‘फूल’ आणि ‘फुलाला’, ‘सूप’ आणि ‘सुपात’, ‘वीट’ आणि ‘विटेला’ या जोड्या पाहाव्यात. उपान्त्य ई-ऊ मूळ शब्दात दीर्घ आणि सामान्यरूपात ऱ्हस्व, हा नियम आहे. येथे दीर्घत्व उच्चारात असते, परंतु ते अर्थभेद करीत नाही; शब्दातील जागेनुसार ते आपोआप येते आणि जाते. जे अर्थभेद करीत नाही त्याकडे बोलणाऱ्याचे लक्ष नसते. म्हणून ‘नीट ऐक आणि लिही’ हा उपदेश येथे निरुपयोगी आहे. पुण्यातील मुलालाही या ठिकाणी कानाची मदत होत नाही. त्याला मदत होते ती घरात पडलेल्या छापील मजकुराची. वर्तमानपत्र, दुकानाची पाटी, गोष्टीचे पुस्तक यांतून ‘मुलांसाठी’ हे रूप त्याच्या डोळ्यांखालून शेकडो वेळा गेलेले असते. उधव्याच्या किंवा झरीच्या पाड्यावरील मुलाला हा संचय मिळालेला नसतो. त्याच्या वहीत ‘मूलाला’ आले तर ती त्याच्या कानाची चूक समजली जाते, आणि पुढे त्याच्या बोलीची.

वस्तुतः ‘मूलाला’ ही चूक विचारपूर्वक पाहण्यासारखी आहे. असे लिहिणाऱ्या मुलाने ‘मूल’ हा शब्द कोठेतरी नीट पाहिला आहे, तो लक्षात ठेवला आहे आणि प्रत्यय लावताना त्याचे मूळ लेखन जपले आहे. शब्दाचे मूळ ओळखू यावे म्हणून ते सर्वत्र सारखे लिहावे, ही तत्त्वतः चांगली कल्पना आहे. इंग्रजी लेखन बरेचसे याच कल्पनेवर उभे आहे. तेथे भूतकाळाचा प्रत्यय उच्चारात कधी ‘ट्’, कधी ‘ड्’ असा येतो, पण लिहिला जातो एकसारखा. इंग्रजी शाळांतील मुले हा प्रत्यय कसा शिकतात याचा तेरेझिना नुनेस व पीटर ब्रायंट यांनी दीर्घकाळ अभ्यास केला. शब्दाचे घटक उघड करून शिकविल्यास मुलांचे लेखन सुधारते, असे त्यांच्या २००६ च्या ग्रंथात दिसते. मराठीची वाट याहून वेगळी आहे. मराठी लेखनात मूळ शब्दच बदलतो, परंतु तो नियमाने बदलतो. त्यामुळे इंग्रजी शिकणाऱ्याला ‘मूळ कायम ठेव’ असे सांगावे लागते, तर मराठी शिकणाऱ्याला ‘मूळ कसे बदलते ते पाहा’ असे. आपल्या शाळांतून यांपैकी काहीच सांगितले जात नाही. फक्त ‘चूक’ असे सांगितले जाते.

दुसरे उदाहरण किनाऱ्यावरचे आहे. ‘घोडा–घोड्याला’, ‘वाडा–वाड्याला’ या चालीवर ‘मासा’ या शब्दाचे ‘मास्याला’ व्हावयास हवे, पण होते ‘माशाला’. ‘ससा–सशाला’, ‘पैसा–पैशाला’ हेही तसेच. सकारापुढे ‘या’ आल्यावर तो शकार होतो, ही मराठीची खोड आहे. ‘मास्याला’ असे लिहिणारे मूल प्रत्यक्ष बोलताना ‘माशाला’ असेच म्हणत असण्याचा संभव आहे. लिहिताना मात्र त्याने ‘मासा’, ‘मासळी’, ‘मासेमारी’ या कुळातला सकार सांभाळला आणि आकारान्त पुल्लिंगी नामाचा नियमही पाळला. ज्याला व्याकरण येत नाही असे आपण म्हणतो, त्याने येथे दोन नियम लावले आहेत. शिक्षकाने ‘मासा, ससा, पैसा’ हे तीन शब्द फळ्यावर एकाखाली एक लिहून त्यांची रूपे मुलांकडूनच वदवून घेतली, तर तिसरा नियम पाच मिनिटांत हाती येतो. ‘माशाला’ दहा वेळा लिहिल्याने तो हाती येत नाही. हाती येतो तो एक सुटा शब्द, आणि ‘सशाला’च्या वेळी पुन्हा प्रारंभापासून तयारी.

मुलाला न शिकविताही शब्दघटनेचे ज्ञान किती असते, याचा पुरावा स्थलनामांत सापडतो. ‘घर’ या शब्दाचे ‘घराला’ होते, पण ‘पालघर’चे ‘पालघरला’. ‘डोंगरावर’ म्हणणारे मूल ‘कोसबाडावर’ म्हणत नाही. उलट ‘वाडा’, ‘ठाणे’ यांची सामान्यरूपे ते बिनचूक करते : ‘वाड्याला’, ‘ठाण्याला’. अकारान्त गावाच्या नावाला सामान्यरूपाचा ‘आ’ बहुधा लागत नाही, हा नियम कोणत्याही प्राथमिक पुस्तकात ठळकपणे दिलेला नसतो आणि तो कोणी चुकतही नाही. १९५८ साली जीन बर्को या अमेरिकन संशोधिकेने लहान मुलांना निरर्थक शब्द देऊन त्यांची अनेकवचने करावयास सांगितली, आणि कधी न ऐकलेल्या शब्दाचेही योग्य रूप मुले तयार करतात असे दाखविले. ‘झूब’ असा एखादा कल्पित प्राणी मराठी मुलापुढे ठेवून ‘आपण याला काय घालू?’ असे विचारले, तर ‘झुबाला’ हे रूप येण्यास अडचण पडू नये. ही चाचणी कोणाही शिक्षकाला खडू-फळ्यावर करता येण्याजोगी आहे आणि तिला बोलीचा अडसर नाही.

वाचनाच्या बाजूने पाहिले तर शब्दघटनेचे महत्त्व आणखी वाढते. मराठी छपाईत विभक्तिप्रत्यय व शब्दयोगी अव्यये शब्दाला जोडून येतात. हिंदीत ‘घर में’ असे दोन तुकडे दिसतात. मराठीत ‘घरात’, ‘घरामागे’, ‘घरामागच्या’, ‘घरामागच्यांनाही’ अशी एकाच शिरोरेषेखालची वाढत जाणारी मालिका असते. शब्दकोशात असणारे ‘माणूस’ हे रूप पानावर त्या मानाने कमी भेटते; भेटते ते ‘माणसा–’ आणि ‘माणसां–’. जे मूल ‘मा-ण-सां-च्या-सा-ठी’ अशी सहा अक्षरे लावत जाते, ते शेवटच्या अक्षराशी पोहोचेपर्यंत पहिले विसरते. जे मूल ‘माणूस’ आतमध्ये पाहू शकते, ते उरलेला भाग ओळखीच्या शेपटीप्रमाणे एका दमात वाचते. दोघांनाही अक्षरे सारखीच येतात, आणि तरीही पहिल्याला वाचता येत नाही व दुसऱ्याला येते.

देवनागरी अक्षरांत दडलेल्या ‘अ’काराच्या बाबतीतही हेच घडते. ‘दगड’ हे तीन अक्षरांचे साधे चित्र. ‘दगडफूल’ वाचताना आपण ‘ड’मधला अकार गाळतो आणि ‘ग’मधला ठेवतो, ‘दगडाला’ वाचताना मात्र ‘ग’मधला अकार गळून ‘दग्डाला’ असा उच्चार होतो. अक्षरे तीच, पण उच्चार वेगळा, आणि कोणता उच्चार करावयाचा हे शब्दाचा सांधा कोठे आहे त्यावर ठरते. हा सांधा लिपी दाखवीत नाही, तो वाचणाऱ्याने ओळखावयाचा असतो. ‘बाराखडी पक्की झाली की वाचन आलेच’ या म्हणण्यातील अपुरेपणा येथे स्पष्ट होतो. सोनाली नाग यांनी कन्नड शिकणाऱ्या मुलांवर केलेल्या अभ्यासात (२००७) भारतीय लिप्यांतील अक्षरसंच आत्मसात होण्यास पहिली-दुसरीच्या पलीकडे जाणारा काळ लागतो असे आढळले. याच पालघर जिल्ह्यातील वाडा तालुका आणि कर्नाटकातील यादगीर येथे शैलजा मेनन व त्यांचे सहकारी यांनी प्रारंभिक साक्षरतेचा काही वर्षे पाठपुरावा केला. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षांतही अध्यापनाचा बहुतेक वेळ अक्षरे आणि उतारा-नक्कल यांत जातो, अर्थाला व स्वतंत्र लेखनाला जागा उरत नाही, ही तक्रार आहे. अक्षरांवर वेळ द्यावा लागतो हे खरेच. पण अक्षर आणि वाक्य यांच्यामध्ये ‘शब्द’ नावाची पायरी आहे, आणि नेमकी तीच गाळली गेली आहे.

येथे नियमांच्या एका दोषाकडे दुर्लक्ष करून चालणार नाही. ‘जमीन–जमिनीत’, पण ‘शरीर–शरीरात’. ‘फूल–फुलात’, पण ‘गीत–गीतात’. पहिला गट तद्भव किंवा परभाषेतून आलेल्या शब्दांचा, दुसरा तत्सम शब्दांचा. ‘जमीन’ फारसीतून आली आणि ‘शरीर’ संस्कृतातून, हे ज्ञान शब्दाच्या रूपातून मिळत नाही आणि उच्चारातूनही मिळत नाही. ते घराण्यातून किंवा संस्कृतच्या तासातून मिळते. म्हणजे येथे नियम भाषेच्या घडणीवर उभा नसून भाषेच्या वंशावळीवर उभा आहे. वारली घरातील मुलाकडे ही वंशावळ असणे संभवत नाही, आणि ती नसल्याबद्दल त्याचे गुण कापणे न्याय्य म्हणता येत नाही. हीच गोष्ट ‘गुरू’ आणि ‘गुरुजी’ यांची. एकटा असता दीर्घ, समासात वा पुढे ‘जी’सारखे काही जोडले असता ऱ्हस्व. ज्या शब्दाने मूल रोज शिक्षकाला हाक मारते, त्याच्याच लेखनात ही खाच आहे, हा योगायोग मौजेचा म्हणावा लागेल. शेजारच्या गुजरातीत या प्रश्नावर अधिक टोकाचा उपाय सुचविला गेला. गुजरात विद्यापीठाच्या १९२९ च्या जोडणीकोशाने घालून दिलेल्या व्यवस्थेविरुद्ध १९९९ साली ऊंझा येथील परिषदेत एकच ‘ई’ आणि एकच ‘उ’ ठेवावा असा पक्ष मांडला गेला. मराठीत एवढे दूर जाण्याची आवश्यकता नाही. तत्सम शब्दांचे अपवाद माध्यमिक इयत्तांपर्यंत पुढे ढकलले आणि प्राथमिक इयत्तांत फक्त घरगुती शब्दांची कुळे शिकविली, तरी ओझे पुष्कळ हलके होईल.

घरगुती शब्द कोणाच्या घरातले, हा प्रश्न मग उपस्थित होतो. डहाणूच्या शिक्षणेतिहासात त्याचे अर्धे उत्तर आधीच दिले गेले आहे. ताराबाई मोडक यांनी अनुताई वाघ यांच्या साहाय्याने १९४५ साली बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले, आणि ते कार्य पुढे कोसबाडच्या टेकडीवर गेले. मुले शाळेत येत नाहीत तर शाळेने अंगणात जावे, गुरे चारणाऱ्या मुलांसाठी ती कुरणात भरावी, आणि माँटेसरीची महागडी साधने न मिळाली तर पाने, बिया, शिंपले, खडे ही साधने व्हावीत, हा त्या प्रयोगाचा गाभा. वस्तू परिसरातून घेण्याचे हे तत्त्व शब्दांनाही लावता येईल. ‘कमळ’, ‘गणपती’, ‘शहामृग’ यांच्याआधी ‘कणीस’, ‘सूप’, ‘ताड’, ‘मासा’, ‘पाऊस’ हे शब्द घेतले, तर वस्तूसोबत तिची रूपेही मूल घेऊनच येते. ‘ताड’पासून ‘ताडी’ आणि ‘ताडगोळा’, ‘पाऊस’पासून ‘पावसात’ आणि ‘पावसाळा’ ही कुळे शिकविण्याची नसून आठवून देण्याची आहेत.

यांपैकी ‘कणीस’ हा शब्द थोडा अधिक थांबून पाहण्यासारखा आहे. ‘कणीस–कणसाला’, ‘माणूस–माणसाला’, ‘तांदूळ–तांदळाला’, ‘कापूस–कापसाला’ या गटात मधला ई किंवा ऊ ऱ्हस्वही न होता पार नाहीसा होतो आणि त्याच्या जागी अकार उरतो. ‘कणीसाला’, ‘माणूसाला’ या रूपांनी वह्या भरलेल्या असतात. वारली समाजात धान्याच्या देवीला ‘कणसरी’ म्हणतात. या नावाचे कणसाशी असलेले नाते उघड आहे, आणि त्यातील ‘कणस–’ हे रूप प्रमाण मराठीतील ‘कणसाला’मधील रूपच आहे. म्हणजे जो नियम शाळा ‘शुद्ध’ म्हणून शिकविते तो मुलाच्या घरातील देवीच्या नावात आधीच वसलेला आहे. ‘कणीस’ आणि ‘कणसरी’ हे दोन शब्द शेजारी मांडून ‘मधली ई कुठे गेली?’ एवढेच विचारले, तर नियम मुलाचाच ठरतो. शाळा त्याला फक्त अक्षर पुरविते.

अर्थात बोलीचे उच्चार लेखनात उतरतात आणि ते सर्वच शब्दघटनेने सुटत नाहीत. उत्तर कोकणातील अनेक बोलींत ण–न आणि ळ–ल यांतील भेद पुसट आहे. ‘पानी’, ‘डोला’ ही रूपे तेथून येतात. वारलींच्या ‘नारनदेवा’त नारायणातील णकार नकार होऊन बसला आहे. अशा रूपांना ‘अशुद्ध’ म्हणण्याऐवजी ‘बोलीचे’ म्हणावे आणि प्रमाण रूप त्याच्या जोडीला द्यावे, एवढाच मार्ग दिसतो. कारण येथे खरोखरच एकाऐवजी दुसरा ध्वनी शिकावयाचा आहे. परंतु वहीतील ‘पानी’, ‘मूलाला’ आणि ‘मास्याला’ या तिन्ही चुकांना एकच तांबडी खूण करणे हा शिक्षकाचा आळस आहे. पहिलीत बोली बोलते, दुसरीत पाहिलेला शब्द, तिसरीत नियम. तिन्हींवरचा उपाय निरनिराळा आहे.

हा केवळ परीक्षेतील गुणांचा प्रश्न असता तर त्याचा एवढा ऊहापोह करावा लागला नसता. मे १९४५ मध्ये झरी येथे भरलेल्या परिषदेनंतर या भागात वेठीविरुद्ध लढा उभा राहिला. गोदावरी परुळेकर यांच्या ‘जेव्हा माणूस जागा होतो’ (१९७०) या ग्रंथामुळे तो मराठी वाचकांना परिचित झाला. त्या काळातील ‘लग्नगडी’ हा शब्दच एक सामासिक इतिहास आहे : लग्नासाठी काढलेल्या कर्जापायी गडी म्हणून राबणारा. कर्जाच्या कागदात काय लिहिले आहे हे त्याला वाचता येत नव्हते. आज दोन्ही तालुके अनुसूचित क्षेत्रात आहेत. २००६ च्या वनहक्क कायद्यान्वये दावे लिहावे लागतात, ग्रामसभेचे ठराव लिहावे लागतात, आणि ते लिहिणारे हात याच शाळांतून बाहेर पडलेले असतात. ‘त्याच्या कब्ज्यातील जमीन’ आणि ‘त्यांच्या कब्ज्यातील जमीन’ यांत फरक एका टिंबाचा आहे, आणि ते टिंब एक माणूस आणि अनेक माणसे यांतील फरक सांगते. अनुस्वार म्हणजे अनेकवचन हे ज्याला शब्दाच्या घडणीतून कळले आहे, तो ते टिंब विसरणार नाही. ज्याला तो केवळ शुद्धलेखनाचा अलंकार म्हणून शिकविला गेला, तो विसरू शकतो.

आणखी एका शब्दाची नोंद येथे आवश्यक आहे. वारलींच्या विवाहविधीत गाणी म्हणून लग्न लावणाऱ्या स्त्रीला ‘धवलेरी’ म्हणतात. मराठी वाङ्मयाच्या अभ्यासकाला या नावावरून महदंबेचे ‘धवळे’ आठवल्यावाचून राहत नाहीत. तेराव्या शतकातील ती विवाहगीते मराठीतील आद्य कवयित्रीची रचना म्हणून विद्यापीठांतून शिकविली जातात. ‘धवळे’ गाणारी ती ‘धवलेरी’. ळकाराचा लकार बोलीने केला आहे, पण शब्दाचे मूळ आणि प्रत्यय दोन्ही शाबूत आहेत. तलासरीतील एखाद्या मुलीने आपल्या बहिणीच्या लग्नाविषयी निबंध लिहिला आणि त्यात ‘धवलेरी’ असे लिहिले, तर त्या ‘ल’वर खूण करावी की करू नये, हे ठरविण्यापूर्वी तपासणाऱ्याला एकदा महदंबेपर्यंत जाऊन यावे लागेल.